कोल्लेदिला २०१६: आमसुलाच्या सारापासून निर्माल्यापर्यंत

"साठाच्या वर युरो मोजून आपण आमसुलाचं सार विकत घेतलंय का गं?" हे आमच्या नवऱ्याचं वाईनच्या पहिल्या घोटानंतरचं मत, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला काही उत्तर सुचलं नाही कारण माझ्याही तोंडाचं तेच झालं होतं, आधी आंबट, मग तुरट, मग जांभळं जास्त खाल्ल्यावर जीभ होते तशी खरखरीत. आणि दुसऱ्या दिवशी रात्री त्याच बाटलीतला शेवटचा ग्लास कुणी घ्यायचा यावरून आमची चक्क जुंपली. मधल्या चोवीस तासांत काय झालं तेच लिहितेय, म्हणजे कुणी ही बाटली घेतलीच तर आमच्यासारखा येडेपणा करू नका.

वाईनचं नाव कोल्लेदिला, साल २०१६, बनवणारे बारोने रिकासोली, गाव इटलीतल्या तोस्कानामधलं गायोले इन कियांती. तिथे ब्रोलियो नावाचा किल्ला आहे, तो ११४१ पासून या रिकासोली घराण्याकडे आहे. अकराशे एकेचाळीस!! आपल्याकडे तेव्हा ज्ञानेश्वरांचा जन्मसुद्धा झाला नव्हता. मधे लढाया झाल्या, किल्ला पडला, पुन्हा उभा राहिला, पण घराणं तेच.

आता माझं आणि कियांतीचं आधीचं नातं काही बरं नव्हतं. काही वर्षांपूर्वी फ्लोरेन्समधे एका स्टेशनजवळच्या हॉटेलात ती गवत गुंडाळलेली पोटवाली बाटली येते ना, ती घेतली होती, दिसायला लाख आणि चवीला व्हिनेगरची धाकटी बहीण. तेव्हापासून कियांती म्हटलं की मी लिस्टमधे खालच्या ओळीकडे वळायचे. नंतर कळलं की कियांती आणि कियांती क्लासिको या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ डोंगराळ पट्टा फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधला, त्याची हद्द १७१६ मधेच मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोसिमोने फर्मान काढून ठरवली होती, पण नाव चालायला लागल्यावर आजूबाजूचे सगळेच स्वतःला कियांती म्हणवायला लागले. १९३२ मधे सरकारने त्यांनाही ते नाव दिलं आणि मूळ पट्ट्याला मागे 'क्लासिको' लावून मोकळं केलं. ओळखायची खूण सोपी आहे, बाटलीवर काळा कोंबडा असला की ती क्लासिको. त्यातही तीन पायऱ्या, साधी म्हणजे किमान १२ महिने मुरवलेली, रिझेर्वा २४ महिने आणि सगळ्यात वरची ग्रान सेलेत्सिओने, ती ३० महिने आणि द्राक्षं स्वतःच्याच मळ्यातली हवीत, विकतची चालत नाहीत. ही वरची पायरी तशी नवी आहे, २०१४ पासूनची. कोल्लेदिला त्या वरच्या पायरीवरची, आणि तीही एकाच मळ्यातली.

ब्रोलियोला जायचा रस्ता म्हणजे नुसती वळणं. जून संपत आलेला, दोन्ही बाजूंना सुरूसारखी उंच सायप्रसची झाडं, आणि त्या पांढऱ्या मातीच्या चढावरून जुन्या सायकली दामटणारे म्हातारे (गायोलेत १९९७ पासून जुन्या सायकलींची लेरोईका नावाची शर्यत भरते, तिचं वेड गावात वर्षभर दिसतं). गाडी नवरा चालवत होता. इटलीत रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोलची मर्यादा आहे, त्यामुळे टेस्टिंगला त्याने प्रत्येक घोट प्रामाणिकपणे समोरच्या भांड्यात थुंकला आणि चेहरा असा केला की जणू मीच त्याला शिक्षा दिलीय. मी थुंकले नाही. सासूबाई सोबत होत्या, त्या पीत नाहीत, त्यांनी पाणी घेतलं आणि ऑलिव्ह तेलात ब्रेड बुडवून खात बसल्या.

किल्ल्यावरून लांब सिएनाचे मनोरे दिसतात. म्हणजे ज्या शहराशी पिढ्यान्‌पिढ्या लढले ते रोज खिडकीतून दिसणार, कारण ब्रोलियो फ्लोरेन्सच्या बाजूचा आणि अगदी सीमेवर. भिंतींवर दुसऱ्या महायुद्धातले खड्डे अजून तसेच आहेत. लाल विटांचा जो भाग फोटोत भारी दिसतो तो मात्र जुना नाही, तो एकोणिसाव्या शतकात बेत्तिनो रिकासोलीने बांधून घेतला. आणि या वाईनची गोष्ट सांगायची तर या माणसाला वगळून चालतच नाही.

बेत्तिनो म्हणजे 'लोखंडी बॅरन'. १८६१ मधे पहिला पंतप्रधान कावूर गेल्यावर एकसंध इटलीचा दुसरा पंतप्रधान हाच. माणूस भयंकर करडा. त्याची एक गोष्ट तिकडे सांगतात की फ्लोरेन्समधे एका नाचाच्या समारंभात कुणी तरुण त्याच्या बायकोशी जरा जास्तच अदबीने वागला, तर याने तिला तिथूनच बग्गीत बसवलं आणि थंडीच्या रात्री थेट ब्रोलियोला आणलं, आणि मग ती दोघं बराच काळ इथेच राहिली. खरंखोटं देव जाणे, पण त्या बिचाऱ्या बाईचा विचार करा, नाचाच्या कपड्यांत थेट डोंगरावरच्या किल्ल्यात! सासूबाई म्हणाल्या, "असल्या माणसाने केलेली वाईन कडूच असणार."

तर या करड्या माणसाने तीसेक वर्षं द्राक्षांवर प्रयोग केले, आणि १८७२ मधे पिसा विद्यापीठातल्या चेझारे स्तुदियाती नावाच्या प्रोफेसरांना पत्र लिहून निष्कर्ष कळवला. सांजोवेझे हे लाल द्राक्ष (तो सांजोवेतो लिहितो) वाईनला सुगंध आणि जोम देतं, कानायोलो त्याचा कडकपणा मऊ करतं, आणि मालवाझिया हे पांढरं द्राक्ष वाईन हलकी करतं, रोजच्या जेवणाजोगी. हीच ती कियांतीची प्रसिद्ध रेसिपी. पण त्याच पत्रात त्याने हेही लिहिलं होतं की वाईन मुरवायची असेल तर मालवाझिया टाळलेलं बरं. गंमत इथे आहे, रेसिपी लोकांच्या लक्षात राहिली आणि ही तळटीप राहिली नाही. १९६७ च्या सरकारी नियमांत पांढरी द्राक्षं किमान १० आणि जास्तीत जास्त ३० टक्के घालायलाच हवीत असं ठरलं, मग काय, जिकडेतिकडे पाणचट कियांती. फक्त सांजोवेझेची वाईन करून तिला कियांती क्लासिको म्हणायची मुभा नव्वदच्या दशकात मिळाली, आणि २००६ पासून क्लासिकोत पांढरी द्राक्षं बंदच झाली. बॅरनची तळटीप वाचायला सव्वाशे वर्षं लागली असं म्हणा ना.

मधल्या काळात या घराण्याचं स्वतःचंही काही खरं नव्हतं, वाईनचा धंदा बाहेरच्या कंपन्यांच्या हातात गेला होता. १९९३ मधे फ्रांचेस्को रिकासोलीने तो परत घेतला, हा गडी त्याआधी फोटोग्राफर होता. त्याने मळे नव्याने लावले आणि इस्टेटीतली माती कुठे कशी आहे याचा सविस्तर अभ्यास करून घेतला, त्यातूनच वेगवेगळ्या मळ्यांच्या वेगळ्या वाईन निघाल्या. कोल्लेदिलाचा मळा चुनखडीच्या मातीवर आहे, तिकडे तिला आल्बेरेझे म्हणतात. आणि हिच्यात शंभर टक्के सांजोवेझे. म्हणजे ज्याने तीन द्राक्षांची रेसिपी लिहिली त्याच्याच घरची वरची बाटली एका द्राक्षाची. मला तर हे फारच आवडलं, घरातल्या आजीच्या रेसिपीतून सून दोन मसाले काढून टाकते आणि पदार्थ जास्त चांगला होतो, पण आजीचा फोटो भिंतीवर तसाच राहतो.

असो. टेस्टिंगला दोन बोटं मिळाली ती आवडली म्हणून एक बाटली घेतली आणि आमच्या भाड्याच्या दगडी घरात आणली. इथून पुढचा सगळा मूर्खपणा आमचा. बाटली दुपारभर स्वयंपाकघराच्या ओट्यावर, बाहेर ऊन मी म्हणतंय, आत अठ्ठावीस तरी असेल, आणि आम्ही संध्याकाळी भूक लागायच्या आत, काही न खाता, बूच काढून लगेच ओतली. रेड वाईन 'रूम टेंपरेचरला' पितात हे आपण कुठेतरी ऐकलेलं असतं, पण ती रूम म्हणजे युरोपातल्या जुन्या थंड घरातली हो, १६ ते १८ डिग्रीची! गरम वाईनमधे अल्कोहोल नाकात जातं, फळ दबतं, तुरटपणा तेवढा पुढे येतो. तेव्हा ते आमसुलाच्या साराचं वाक्य आलं.

मग बाटली बर्फाच्या पाण्यात पंधरा मिनिटं उभी केली आणि सगळी वाईन पाण्याच्या काचेच्या जगमधे ओतली, डिकँटर (वाईनला हवा लागावी म्हणून ओततात ते भांडं) कुठून आणणार. तासाभराने जेवायला बसलो. सासूबाईंमुळे जेवण शाकाहारी, पाप्पा आल पोमोदोरो म्हणजे शिळा ब्रेड टोमॅटोत शिजवून केलेला घट्ट प्रकार (आपल्या फोडणीच्या पोळीचा इटालियन मावसभाऊच), वर भरपूर ऑलिव्ह तेल, आणि पेकोरिनो, मेंढीच्या दुधाचं खारट चीज. तिकडच्या ब्रेडमधे मीठ नसतं, पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं बेकरीवाला विसरला.

चीजचा तुकडा खाऊन घोट घेतला आणि अरेच्चा, तुरटपणा गेला कुठे? गेला नव्हता, पण आता तो माझ्या जिभेऐवजी चीजशी भांडत होता. त्याचं कारण साधं आहे, टॅनिन, म्हणजे वाईनमधला तुरट घटक, आपल्या लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं म्हणून तोंड कोरडं पडतं, तोंडात चीज किंवा मांस असलं तर त्याला चिकटायला दुसरं गिऱ्हाईक मिळतं. आणि आंबटपणाचं म्हणाल तर टोमॅटोच इतका आंबट होता की त्याच्यासमोर वाईन गोडसर लागायला लागली. आता चेरी कळायला लागली, पिकलेली काळी नाही, जरा आंबट लाल. घोट गिळल्यावर एक बारीकसा कडवटपणा, संत्र्याची साल चावल्यासारखा, आणि तो छान रेंगाळतो. नवरा गप्प झाला, म्हणजे आवडली.

अर्धी वाईन परत बाटलीत भरून, बूच लावून फ्रिजमधे, दुसऱ्या दिवशी पिण्याआधी तासभर बाहेर काढली. ही खरी वाईन. रंग पहिल्यापासून फिकटच होता, ग्लासातून बोटं दिसतात, कडेला विटकरी झाक, गडद म्हणजे भारी असं समजणाऱ्यांची निराशा होईल पण सांजोवेझे असंच असतं. वास मात्र आदल्या दिवशीपेक्षा तिप्पट. मला चेरीच्या मागे काहीतरी वाळकं, फुलासारखं येत होतं, शब्द सापडेना. सासूबाईंनी ग्लास हातात घेतला, हुंगला आणि म्हणाल्या, "अगं, निर्माल्य आहे हे. आणि आमच्या अण्णांची तपकिरीची डबी." अगदी तेच!! वाईनची मासिकं वाचणारे लोक सुकलेली व्हायोलेटची फुलं, तंबाखूची पानं वगैरे लिहितात, आणि न पिणाऱ्या बाईने एका श्वासात सांगून टाकलं. मग मी रात्रभर ग्लासात निर्माल्यच शोधत बसले. लाकडाचा वास आहे, पण मागच्या बाकावर. टॅनिन आता खरखरीत नव्हतं, बारीक दळलेल्या पिठासारखं जिभेवर पसरत होतं.

घ्यावी का? ज्यांना जाड, गोडसर, जॅमसारखी रेड आवडते त्यांनी अजिबात घेऊ नये, एवढ्या पैशांत त्यांना मनासारख्या तीन बाटल्या मिळतील. जेवणाशिवाय, गप्पा मारत, गच्चीत बसून प्यायची असेल तरी नको. पण ताटात टोमॅटो, चीज, तेल किंवा भाजलेलं मांस असेल आणि दुपारीच बाटली उघडायचा धीर असेल तर डोळे झाकून घ्या. २०१६ हे तोस्कानात गाजलेलं साल आहे आणि माझ्या मते ही बाटली अजून दहा वर्षं सहज काढेल, आम्हीच घाई केली. आधी अंदाज घ्यायचा असेल तर त्यांचीच ब्रोलियो नावाची साधी कियांती क्लासिको घ्या, बरीच स्वस्त पडते आणि स्वभाव तोच कळतो.

शेवटचा ग्लास मीच घेतला, तळाशी थोडा गाळ होता तोही राहू दिला नाही. नवऱ्याने विचारलं, उद्या निघायच्या आधी ब्रोलियोला जाऊन अजून एक आणायची का. म्हटलं आण ना, पण परवा त्या भांड्यात जेवढी थुंकलास तेवढे पैसे आधी माझ्या हातावर ठेव.