फोंड्यात आलेला तारांगणाचा ब्लॅक होल शो, मुलांना नक्की दाखवा

पावसात गोव्यात तारे दिसणं कठीणच, त्यामुळे फोंड्यात एका हॉलमध्ये फुगवायचं तारांगण लागलंय कळल्यावर भाच्याला घेऊन गेले. शो ब्लॅक होलवर, मराठीतून.

मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे "प्रकाश गिळतो" एवढं सांगून मोकळे झाले नाहीत. घुमटावर आधी नुसते तारे, मग एक काळा ठिपका हळूहळू सरकत येतो आणि मागचा तारा झाकला जायच्या ऐवजी त्याच्याभोवती बारीक कडं होऊन पसरतो, तिथेच शो समजावणाऱ्या ताईंनी चित्र थांबवलं आणि सांगितलं की प्रकाश त्याच्या परीने सरळच चाललाय, वाकलीय ती जागा. 1919 च्या ग्रहणात सूर्याजवळचे तारे किंचित सरकलेले दिसले तो हाच प्रकार, इथे फक्त जोर प्रचंड. सूर्याएवढं वस्तुमान दाबून ब्लॅक होल केला तर त्याचं क्षितिज केंद्रापासून साधारण 3 किमीवर, तिथून आत गेलेलं काहीच परत येत नाही. पण साडेचार किमीवर प्रकाश चक्क गोल फिरू शकतो, जरा आत सरकला की गेला, जरा बाहेर सरकला की सुटला! हे बघताना भाच्याने माझा हात घट्ट धरलेला.

नाही आवडलं ते शेवटचं. 2019 चा, एम 87 या दीर्घिकेतल्या ब्लॅक होलचा फोटो घाईघाईत उरकला. तो नारिंगी रंग नंतर भरलेला आहे, मुळात 1.3 मिलिमीटरच्या रेडिओ लहरी पकडल्यात, हे सांगायलाच हवं होतं, नाहीतर पोरं तो रंग खराच धरून बसतात. फोटोतलं कडं एका बाजूला जास्त उजळ का, तर तिथला वायू आपल्या दिशेने भयंकर वेगाने येतोय, हेही राहिलं. आवाजही घुमतो.

मागून एका मुलाने कोंकणीत विचारलं, प्रकाश बाहेर येतच नाही तर फोटो कसला काढला? ताईंनी कोंकणीतच नीट सांगितलं की उजेड बाहेरच्या तापलेल्या वायूचा, मधली काळी जागा ती सावली, आणि ती क्षितिजापेक्षा अडीच पटीहून मोठी दिसते कारण जवळून जाणारा प्रकाशही आत ओढला जातो. हे खरं तर शोमध्येच हवं.

बसायला चटया आहेत, गुडघे दुखत असतील तर आधीच खुर्ची मागा. आणि जमलं तर शेवटचा शो घ्या, प्रश्नांना वेळ मिळतो. पाचपैकी चार.