एमसील की क्ले, ऍक्रिलिक की ऑइल: अडगावच्या लढाईतला शिपाई घरी बनवायचा असेल तर

"मामा, पहिला शिपाई कायचा बनवू, एमसीलचा का त्या भाजायच्या क्लेचा?" भाचा दोन महिन्यांपासून हेच विचारून राहिला, त्याला शेल्फवर ठेवायचा छोटा शिपाई हातानं घडवायचा आहे. तो व्हिडिओ पाहतो ते सगळे थंड देशातले, त्यांच्या खोलीत वीस डिग्री, अन् आमच्या टिनाच्या खोलीत मे महिन्याच्या दुपारी काय असते ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. म्हणून हे आपल्याकडच्या हिशोबानं लिहितो, कारण इथं मटेरियल हात पाहून कमी अन् ऊन पाहून जास्त ठरवावं लागते.

पण आधी शिपाई कोणाचा ते ठरवा, पुढचं अर्धं काम त्यावरच आहे. माझं गाव अकोटच्या बाजूचं, त्यामुळे माझ्या डोक्यात अडगावची लढाई, २९ नोव्हेंबर १८०३. इकडे नागपूरकर भोसल्यांची फौज, तिकडे इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली, तोच जो पुढे १८१५ ला वॉटर्लूत नेपोलियनला पुरून उरला. अडगावनंतर सोळाच दिवसांनी, १५ डिसेंबरला, भोसल्यांचा गाविलगड किल्लाही इंग्रजांकडे गेला. ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रासी शिपाई बनवला तर लाल कोट, खाली आखूड चड्डी, पायात चपला, छातीवर पांढरे पट्टे. शेल्फवर उठून दिसतो, पण कॉलर अन् बाह्यांच्या टोकाचा रंग पलटणीप्रमाणे वेगळा, बटणांच्या रांगा, फिती, एवढं सगळं आधी शोधून ठेवावं लागते अन् एक चुकलं की जाणकार माणूस बरोबर तिथंच बोट ठेवतो. भोसल्यांच्या साध्या शिपायाचं तसं नाही, बरेच जण आपापल्या कपड्यातच लढायचे. ढगळ अंगरखा असला की खांदा नाहीतर कंबर थोडी चुकली तरी झाकली जाते. चुण्या मात्र कुठूनही निघालेल्या चालत नाहीत, कापड जिथं ताणलं जाते तिथून, म्हणजे खांदा, कोपर, कमरबंद, इथूनच त्या निघाल्या पाहिजेत. मी भोसल्यांच्या चाकरीतला अरब घेतला, कमरेला जंबिया म्हणजे वाकडी कट्यार, अन् खांद्यावर तोड्याची, म्हणजे पेटत्या वातीनं उडणारी, लांब बंदूक, १८१७ ला सीताबर्डीच्या लढाईनंतरही नागपूर शहर धरून बसले होते ते हेच लोक. पहिल्या कामाला हाच सोपा आहे, असं माझं मत.

सरदार बनवत असाल तर हातात आपोआप वाकडी तलवार देऊ नका. पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं लंडनच्या लिलावातून आणली, ती फिरंग आहे, सरळ एकधारी पातं युरोपातलं अन् मूठ इथली. नागपूरला गेलात तर अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या जुन्या म्युझियममध्ये, जुनी हत्यारं जवळून पाहून या, फोटोवरून जाडी समजत नाही.

आता मटेरियल. शाडू आधी बाजूला काढतो, कारण पहिल्यांदा सगळे तिकडेच वळतात, मीही वळलो. गणपतीला शाडू मस्त, पण बोटाएवढ्या माणसात आधाराला तार घालावी लागते, अन् माती सुकताना आकसते, तार काही आकसत नाही, मग गुडघा-कोपरावर तडा ठरलेला. आपल्या काळ्या मातीला मार्चात भेगा पडतात ना, तेच छोट्या साइजमध्ये. माझ्या पहिल्या मावळ्याचा हात पोळ्याच्या दिवशी शेल्फवरून आपोआप खाली आला.

राहिले दोन. एक म्हणजे दोन भागांची एपॉक्सी पुट्टी, कंपनी कोणतीही असो आपण तिला एमसीलच म्हणतो, पाइप गळला की लावतो ती. गावातल्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते, समान भाग घेऊन रंग एक होईपर्यंत मळायची, अन् मग घड्याळ सुरू. हिवाळ्यात मला निवांत वेळ मिळतो, मे महिन्यात दुपारी दाढी कोरायला घेतली अन् मिशीपर्यंत येतायेता ती दगड झाली. म्हणून उन्हाळ्यात काम पहाटे करायचं अन् बोराएवढीच मळायची, जास्त नाही. दाणा थोडा जाड असतो, त्यामुळे पापण्या, बोटं अशी कामं तिच्यात अवघड जातात, पण वाळल्यावर तासता येते, पॉलिश पेपर लागतो, तासलेलं आवडलं नाही तर वर परत थर देता येतो. हातमोजे घाला, कच्ची एपॉक्सी रोज हाताला लागली की काहींच्या चामडीला कायमची ऍलर्जी बसते. अन् घासायचं ते पाण्यात भिजवून, धूळ नाकात जायला नको. ऑनलाइन निळी-पिवळी मिसळून हिरवी होणारी पुट्टी मिळते, तिला बारीक काम छान बसते, पण वाळल्यावर रबरासारखी राहते, तासता येत नाही, महागही आहे. मी अंग साध्या पुट्टीचं करतो, चेहरा अन् पगडीचे पीळ हिरवीचे.

दुसरी पॉलिमर क्ले. हिचा मोठा गुण म्हणजे भाजेपर्यंत वाळतच नाही, आज नाक केलं, उद्या पुसून परत केलं, शिकणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. साधारण १३० डिग्रीला, सहा मिलिमीटर जाडीला पंधरा मिनिटं या हिशोबानं भाजायची, पाकिटावर काय लिहिलंय ते मात्र पाहायचं. जास्त तापून जळली तर विषारी धूर निघतो, म्हणून स्वयंपाकाच्या सोबत भाजायची नाही. अडचण आपल्याकडची वेगळीच: छोटा ओव्हन पाहिजे अन् भाजत असताना लाइन टिकली पाहिजे. माझा घोडा ओव्हनमध्ये असताना तीनदा लाइन गेली, कुठं किती भाजलं काहीच कळेना, शेवटी पोट कच्चं राहून मान तुटली. अन् उन्हाळ्यात क्ले एवढी मऊ पडते की बोट लावलं की ठसा. चेहरा करून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचा, मग पुढं जायचं, अन् "हे काय ठेवलं दुधाजवळ" हे घरच्यांचं ऐकून घ्यायचं.

म्हणजे घरी ओव्हन आहे, लाइनचा भरवसा आहे, अन् काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत करणार असाल तर क्ले घ्या, हात लवकर सुधारतो. नाहीतर पुट्टी. भाच्याकडे दोन्ही नाही, त्याला मी पुट्टीच सांगितली. आधाराची तार मोटर वाइंडिंगवाल्याकडून तांब्याची जाड अशी घ्या, अन् कोरायला बाभळीचा काटा, खोटं वाटेल पण दुकानातली महाग हत्यारं येण्याआधी मी डोळे त्यानंच काढले, टोक बोथट झालं की दुसरा तोडायचा, बाभळीला काय तोटा.

साइज? ५४ मिलिमीटर उंचीचे बाजारात जास्त दिसतात, पण त्यात डोकं सातेक मिलिमीटरचं येते. ९० घेतलं तर बारा. पहिल्यांदा ९० च घ्या, ५४ मध्ये डोळा दिसतच नाही तर करणार काय.

रंगाचं भांडण वेगळं. ऍक्रिलिक लवकर वाळते, पाण्यानं ब्रश धुतला जातो, वास नाही. पण एप्रिलमध्ये पॅलेटवरच वाळून जाते, ब्रश शिपायापर्यंत पोचायच्या आधी. उपाय सोपा, पसरट टिफिनच्या डब्यात ओलं फडकं, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग. ऑइल उलटं, तास न् तास ओलं राहते, म्हणून गालावरची लाली सावळ्या रंगात विरघळवायची असेल तर ऑइलसारखं काही नाही. पण वाळायला दिवस लागतात, पांढरा तर जास्तच, अन् कापूस वेचणीच्या दिवसात आमच्या घरात हवेत तंतू उडतात, ते ओल्या चेहऱ्यावर बसले की शिपायाला आयती पांढरी दाढी. मी वर लोणच्याची रिकामी बरणी उपडी घालतो. क्रम लक्षात ठेवा: खाली ऍक्रिलिक, वर ऑइल चालते, उलटं नाही. मी कपडे अन् हत्यारं ऍक्रिलिकमध्ये, फक्त चेहरा अन् हात ऑइलमध्ये करतो. नवशिक्याला पहिला शिपाई पूर्ण ऍक्रिलिकमध्ये केला तरी काही बिघडत नाही. ब्रश तीन शून्यवाला, म्हणजे एकदम बारीक, घेऊ नका, १ नंबरचा चांगल्या टोकाचा घ्या, त्यात रंग मावतो अन् टोकाची रेघ तेवढीच बारीक येते.

एक चूक खूप लोक करतात, शिपायाला भडक जांभळा शेला. पहिला कृत्रिम जांभळा रंग १८५६ ला इंग्लंडमध्ये निघाला, १८०३ च्या माणसाच्या अंगावर नीळ, मंजिष्ठ, कुसुंबा, हळद असले झाडापाल्याचेच रंग येणार. अन् धोतर-अंगरख्याला डब्यातला पांढरा सरळ लावू नका, थोडा मातकट करा, चुणीत निळसर राखाडी, वर उचललेल्या जागीच शुद्ध पांढरा.

माझा अरब सध्या बरणीखाली उभा आहे, चेहरा अजून ओला. बंदुकीचा तोडा राहिलाय, त्याला शिलाई मशीनचा दोरा पुट्टीत बुडवून लावणार आहे.