शिकाऊ पोराच्या गळ्यात जुनी बाइक अशी मारतात

पहिली बाइक सेकंडहँड घ्यायला निघालेल्या पोरांनी आणि त्यांच्या घरच्यांनी वाचावं म्हणून हे लिहितोय. गाडी माझ्या भाच्याची, पैसे निम्मे त्याचे, निम्मे माझे. फसवणारा पिंपरी-चिंचवडकडचा एक जुन्या गाड्यांचा गाळेवाला. तक्रार चालू असल्यामुळे त्याचं नाव लिहीत नाही, पण त्याची पद्धत सविस्तर सांगतो.

भाचा सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचा. चाकणला कंपनीत लागला, रात्रपाळी सुटल्यावर बस मिळत नाही म्हणून गाडी हवी होती. मित्राच्या स्प्लेंडरवर शिकला, लायसन काढलं, रहदारीत चालवायचा सराव जेमतेम. बजेट ऐंशी हजारांच्या आत. मागणी साधी होती: १२५ सीसी, सिंगल ओनर, एमएच-१२ नाहीतर एमएच-१४ पासिंग, म्हणजे पुण्याची किंवा पिंपरी-चिंचवडची.

गाळेवाल्याने पहिल्या पाच मिनिटांत एकच गोष्ट हेरली, की या पोराला गाडी चालवून पारखता येत नाही. पुढचं सगळं त्यावरच बेतलेलं होतं. "१२५ घेऊन काय करणार भावा? सातारला जाताना खंबाटकी घाटात डबलसीट दम टाकेल," असं म्हणून त्याने २०० सीसीची एक काळी नेकेड बाइक बाहेर ओढली. १२५ सीसीच्या गाड्यांवर माणसं रोज डबलसीट खंबाटकी चढतात, हे त्या रस्त्याने जाणारा कोणीही सांगेल. खरं कारण एवढंच, की ती २०० सीसीची गाडी त्याच्याकडे पडून होती. स्प्लेंडरचं वजन ११२ किलो. या वर्गातल्या गाड्या दीडशे किलोच्या पुढे, आणि ताकद जवळजवळ तिप्पट. नुकतं क्लच सोडायला शिकलेल्या पोराला सिग्नलवर, चिखलात, उतारावर हा फरक फार जड जातो. याचा विचार करणारा माणूस गाडी दाखवण्याआधी उंची आणि सराव विचारतो. याने बजेट विचारलं.

भाव करताना नव्या गाडीची जी किंमत त्याने सांगितली, ती जुनी होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. त्याआधीचा भाव सांगून "नवीपेक्षा निम्म्यात देतोय" असं दाखवायचं, हाही फसवणुकीचाच भाग. जुनी गाडी बघायला जाण्याआधी नव्या शोरूममधून आजचं कोटेशन लिहून घ्या.

मग ट्रायल. गाडी आधीच गरम करून ठेवली होती. सायलेन्सरजवळ हात नेला तरी धग लागत होती. थंड इंजिन सेल्फवर किती वेळ घेतं, पहिल्या मिनिटात कसला आवाज करतं, धूर कोणत्या रंगाचा येतो, हे कळायची सोयच ठेवली नव्हती. आणि चालवायला भाच्याला दिलीच नाही. "तुझा हात बसलेला नाही, पाडलीस तर कोण भरणार? माझा पोरगा फिरवून आणतो, तू मागे बस." मागे बसून हँडल कुठे ओढतं ते कळत नाही, ब्रेक कसा धरतो ते कळत नाही. शिकाऊ गिऱ्हाइकाबद्दल काळजी दाखवत त्याने तपासणीच काढून घेतली. अशा वेळी चांगला हात असलेला मित्र किंवा आपला मिस्त्री सोबत हवा, आणि "बाहेरचा माणूस चालवणार नाही" म्हणणाऱ्याकडची गाडी घेऊच नये.

मीटरवर १४,२०० किलोमीटर. विमा "२०२६ पर्यंत". गाडी २०२१ ची. सौदा अठ्ठ्याहत्तर हजारांना ठरला. पाच हजार टोकन, बाकी यूपीआयने. तेही दुकानाच्या नाही, दुसऱ्याच कोणाच्या तरी खात्यावर, "आमचंच आहे ते" म्हणत. पावती साध्या पावतीपुस्तकातली, खाली रबरी शिक्का: आहे त्या स्थितीत विक्री, नंतर तक्रार चालणार नाही. टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर, भाच्याच्या सह्या घेतल्या. फॉर्म कोरेच होते. "दोन आठवड्यांत नावावर होते गाडी."

ती झाली नाही. आधी "साइट बंद आहे", मग "साहेब रजेवर आहेत", मग फोन उचलणं बंद.

दरम्यान भाचा गाडी घेऊन गावाला आला आणि आमच्या मिस्त्रीने ती बघितली. तो एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "हात सोडला की डावीकडे जाते." मग त्याने हँडल पूर्ण वळवून खाली टॉर्च मारली. हँडल दोन्ही बाजूंना जिथे अडतं, तिथे चेसिसच्या मानेवर लोखंडाचा छोटा ठोकळा असतो. उजवीकडचा ठोकळा चेपलेला, त्याच्या कडेचा रंग उडालेला आणि वरून काळा स्प्रे मारलेला. पुढून जोरात धडक बसली की हँडल त्या ठोकळ्यावर आदळतं, म्हणून ती खूण तिथे राहते; टाकी, मडगार्ड, हेडलाइट सगळं नवं बसवलं तरी ती जात नाही. नंतर त्याने मागच्या टायरला दोरी लावून पुढपर्यंत ताणली. दोरी पुढच्या टायरला एका बाजूला टेकली, दुसऱ्या बाजूला चांगली बोटभर फट. शॉकप बेंड, चेसिस आउट, म्हणजे पुढचे शॉक वाकलेले आणि सांगाडा सरळ राहिलेला नाही. अशी गाडी ऐंशीच्या वेगात ब्रेक मारल्यावर काय करेल, ते त्याने पोरासमोर सांगितलं नाही, मला बाजूला घेऊन सांगितलं. पैशांपेक्षा मला याचाच संताप जास्त आहे. नवशिक्या पोराला, त्याला कळणार नाही या खात्रीने, वाकडी गाडी दिली.

किलोमीटरही खोटे निघाले. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर दिल्यावर जुनी नोंद मिळाली: २०२३ मध्येच ३३,००० च्या वर. डिजिटल मीटर मागे फिरवता येतं. पण झिजलेलं फूटरेस्टचं रबर, गुळगुळीत झालेला ब्रेक पेडल, डिस्कच्या कडेला पडलेली धार आणि चेन स्प्रॉकेटचे वाकलेले दात मागे फिरवता येत नाहीत. टायरवर चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. चौदा हजार चाललेल्या २०२१ च्या गाडीला २०२४ चे टायर का, हा प्रश्न विचारायलाच हवा.

विम्याचं असं, की सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. "२०२६ पर्यंत" होता तो तेवढाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा पहिल्या वर्षानंतर भरलेलाच नव्हता.

सगळ्यात मोठी गोष्ट कागदांत होती. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, एचपी चढलेली, म्हणजे फायनान्स कंपनीचं कर्ज अंगावर. एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकला की हे दिसतं. आम्हाला दाखवलेली आरसीची झेरॉक्स नेमकी त्या जागी पुसट होती. फायनान्स कंपनीची एनओसी आणि फॉर्म ३५ शिवाय तो बोजा उतरत नाही, आणि बोजा असताना त्या कंपनीच्या संमतीशिवाय गाडी नावावर होत नाही. कर्ज थकलेलं असेल तर वसुलीवाले गाडी रस्त्यातूनही उचलतात, तेव्हा आपण कोणाला किती पैसे दिले हे ते ऐकत नाहीत.

जुन्या पॉलिसीवरून मूळ मालक सापडला, सोलापूर जिल्ह्यातला. मी भांडायच्या तयारीने फोन केला होता. त्याचं ऐकल्यावर कळलं, की तोही आमच्यासारखाच अडकलाय. हायवेवर अपघात झाला, पाय मोडला, हप्ते थकले. गाळेवाल्याने थोडे रोख देऊन "उरलेलं कर्ज मी भरतो" म्हणत गाडी नेली, आणि एक रुपया भरला नाही. वसुलीचे फोन त्यालाच येत होते. शिवाय आरसीवर नाव त्याचं. त्या गाडीने कोणाला उडवलं असतं तर भरपाईसाठी पहिला तोच धरला गेला असता. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात हेच सांगितलंय, की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक. त्यामुळे विकणाऱ्यांनीही गाडी देऊन मोकळं झालो असं समजू नये.

याच्यासाठी सरकारने नियम केलेला आहे आणि तो फार कमी लोकांना माहीत आहे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं, फॉर्म २९बी. मालकाने गाडी डीलरकडे दिली की फॉर्म २९सी ऑनलाइन भरायचा. तिथून पुढे गाडीची जबाबदारी डीलरवर येते. गाळ्यात शिरल्या शिरल्या २९बी मागा. आमच्या माणसाकडे तो नव्हता, हे आम्हाला आरटीओच्या खिडकीवर कळलं.

मूळ मालकाने सगळं लिहून, सही करून दिलं. ते जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आणि पोलीस ठाण्यात अर्ज दिला. पोलिसांनी बोलावल्यावर गाळेवाल्याने चाळीस हजार परत केले आणि बाकीचे "मिटवून टाकू" म्हणाला. आम्ही मिटवलं नाही. उरलेल्या रकमेसाठी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही आणि तक्रार दाखल करायला दोन वर्षांची मुदत असते. "तक्रार चालणार नाही" असा शिक्का पावतीवर मारला म्हणून दडवलेला अपघात आणि फिरवलेलं मीटर माफ होत नाही, हे तिथे अर्ज लिहून घेणाऱ्यानेच सांगितलं.

गाडी कुलूप लावून आमच्या अंगणात उभी आहे. फायनान्स कंपनीला तसं लेखी कळवलंय. भाच्याने हप्त्यावर नवी १२५ घेतली, शोरूममधून, स्वतः चालवून बघून.

पुरावा जपा, एवढं मात्र आजपासूनच करा. सौदा ठरायच्या आधीच जाहिरातीचा, व्हॉट्सॲपवरच्या बोलण्याचा आणि मीटरच्या फोटोचा स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कोणाला तरी पाठवून ठेवा. पोलिसांचा फोन गेल्यावर गाळेवाल्याने जाहिरात काढून टाकली. "सिंगल ओनर, १४,००० चाललेली, नो अॅक्सिडेंट" असं लिहिलेली ती जाहिरात भाच्याने सहज म्हणून मित्राला पाठवली होती, आणि आयोगापुढच्या आमच्या अर्जाला पहिलं जोडपत्र तेच आहे.