टीडब्ल्यूआयचं दहा तासांचं 'जॉब इन्स्ट्रक्शन' ट्रेनिंग: लाइन लीडरना द्यावं का? रिव्ह्यू

आधी निकाल सांगते आणि मग सविस्तर लिहिते. कंपनीत सुपरवायझर, लाइन लीडर, सेटर (मशीन लावून देणारा) अशी माणसं असतील आणि नवीन पोरांना काम तीच शिकवत असतील, तर काम शिकवायचं कसं हे शिकवणारं हे ट्रेनिंग घ्याच. मी चाकणला वायरिंग हार्नेस, म्हणजे गाडीतल्या वायरींचे जुडगे, बनवणाऱ्या एका युनिटमध्ये एचआर बघते, आमच्याकडे कंत्राटी मुलं-मुली सतत येतात-जातात, दिवाळीला आणि पेरणीला गावी गेलेली निम्मी परत येत नाहीत, त्यामुळे 'नवीन माणूस उभा करणं' हे आमचं रोजचंच काम आहे. बाहेरून ट्रेनिंगं भरपूर झाली आजवर, त्यातलं हे एकच असं की ज्याचा फरक मला कॉन्फरन्स हॉलमध्ये नाही तर लाइनवर दिसला.

बहुतेक ठिकाणी ट्रेनिंग म्हणजे काय होतं ते सगळ्यांना माहितीये. एखादा मोटिव्हेशनल स्पीकर येतो, टाळ्या वाजवून घेतो, टीमवर्कचा एक खेळ होतो, समोसा-चहा, ग्रुप फोटो, शेवटी फीडबॅक फॉर्मवर सगळे 'एक्सलंट' ला टिक करतात आणि अटेंडन्स शीट ऑडिटच्या फाइलला लागते. आणि खरं ट्रेनिंग, म्हणजे ज्यावर क्वालिटी आणि माणसाची बोटं दोन्ही अवलंबून असतात ते, कोण देतं तर लाइनवरची एखादी अनुभवी ताई, जिला वरून सांगितलेलं असतं "हिला जरा दाखव गं" आणि जिच्या स्वतःच्या टार्गेटमधून तेवढा वेळ वजा केलेला नसतो. ती भराभर दाखवते, नवीन मुलगी "समजलं" म्हणून मान हलवते, दुपारपर्यंत रिजेक्शनचा डबा भरलेला. मग दोघींनाही बोलणी. हे बघून बघून मला राग यायचा, कारण त्या ताईला काम उत्तम येतं पण काम शिकवायचं कसं हे तिला कोणी कधी शिकवलेलंच नाहीये.

जॉब इन्स्ट्रक्शन नेमकं यावरच आहे. टीडब्ल्यूआय म्हणजे ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, अमेरिकेत 1940 ला दुसऱ्या महायुद्धाच्या गडबडीत सुरू झालेला सरकारी कार्यक्रम. कारखान्यांना अचानक प्रचंड उत्पादन पाहिजे होतं, कसलेले कामगार कमी पडत होते, आणि पुढे तर नव्याने भरती झालेल्यांत अशा बायका खूप होत्या ज्यांनी त्याआधी कारखाना आतून बघितलेला नव्हता. मग त्यांनी कामगारांना थेट शिकवायच्या ऐवजी सुपरवायझरना शिकवायला शिकवलं. 1945 ला कार्यक्रम बंद होईपर्यंत 16 लाखांहून जास्त सुपरवायझर यातून गेले. शिकवण्याच्या मूळ चार पायऱ्या (शिकणाऱ्याला तयार करणं, काम दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, नंतर फॉलोअप) त्याहून जुन्या, पहिल्या महायुद्धात जहाजबांधणीची माणसं तयार करताना चार्ल्स ॲलन यांनी वापरलेल्या. युद्धानंतर हेच जपानला गेलं, टोयोटाने उचललं आणि तिथे ते इतकं मुरलं की आज आपल्या ऑटो कंपन्यांमधल्या डोजो रूममध्ये, म्हणजे लाइनवर जाण्याआधी सराव करायच्या खोलीत, जे चालतं त्यातलं बरंचसं तिथूनच आलंय, फक्त हे सहसा कोणी सांगत नाही.

फॉरमॅट साधा आहे. दोन-दोन तासांची पाच सेशन्स, एका बॅचला जास्तीत जास्त दहा माणसं, लेक्चर अगदी कमी. प्रत्येकाने आपल्या लाइनवरचं खरं काम घेऊन यायचं आणि सगळ्यांसमोर कोणाला तरी ते शिकवून दाखवायचं, मग बाकीचे आणि ट्रेनर मिळून काय बरोबर झालं काय राहिलं ते बोलतात. यातून कोणालाच सुट्टी नाही, मागच्या बाकावर बसून दहा तास काढता येत नाहीत, आणि मला वाटतं निम्मं यश इथेच आहे.

पहिल्या दिवशी जे होतं ते मात्र बघण्यासारखं आहे. बल्बच्या होल्डरमध्ये वायरीला आतून एक गाठ मारतात ना, ओढ बसली तर ताण जोडणीवर येऊ नये म्हणून, ती गाठ ट्रेनर शिकवतो. आधी नुसतं तोंडी सांगतो, डावं टोक असं घ्या, उजवं टोक त्याच्या मागून न्या, फासातून काढा वगैरे, सगळं शब्दशः बरोबर. आमची लाइन लीडर उभी राहिली, दिवसभर वायरीच हाताळणारी बाई, पण गाठ काही जमली नाही. मग दुसऱ्याला बोलावून एक शब्द न बोलता नुसती करून दाखवली, समोरासमोर उभं राहून. त्यालाही नाही जमली, कारण समोरून बघताना डावं-उजवं उलटं दिसतं. तिसऱ्या वेळी मात्र ट्रेनरने शिकणाऱ्याला स्वतःच्या बाजूला उभं केलं, ही गाठ कुठे लागते ते विचारलं, एकेक पायरी थांबून दाखवली, दुसऱ्यांदा दाखवताना प्रत्येक पायरीतली खुबी सांगितली, तिसऱ्यांदा ती खुबी का तेही सांगितलं, आणि मग वायर त्याच्या हातात दिली. जमली, पहिल्याच फटक्यात. मग त्याच्याकडूनच खुब्या वदवून घेतल्या, कारणं वदवून घेतली. हॉलमध्ये एकदम शांतता, कारण सगळ्यांना कळलं की आपण रोज नवीन पोरांना पहिल्या दोन पद्धतींनीच शिकवतोय आणि वर "डोकं नाही ह्यांना" म्हणतोय.

दुसरी मोठी गोष्ट म्हणजे जॉब ब्रेकडाउन शीट. कागदावर तीन रकाने: महत्त्वाच्या पायऱ्या, की पॉइंट, आणि त्याचं कारण. की पॉइंट कशाला म्हणायचं याच्या तीन कसोट्या आहेत, ज्याने काम बनतं किंवा बिघडतं, ज्याने माणसाला इजा होऊ शकते, आणि ज्याने काम सोपं होतं. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं पण लिहायला बसा म्हणजे कळेल. आमच्या क्रिम्पिंग प्रेसचं (वायरीच्या टोकाला धातूचं टर्मिनल दाबून बसवणारं मशीन) शीट करायला घेतलं तेव्हा आधी सगळ्यांनी मिळून एसओपीसारखी, म्हणजे कामाच्या छापील कार्यपद्धतीसारखी, लांबलचक यादी काढली, ट्रेनरने ती कापत कापत चार-पाच पायऱ्यांवर आणली. वायर स्टॉपरला टेकवा, पेडल दाबा, काढा, तपासा, साधारण असं. पण की पॉइंट काढताना आमची एक जुनी ऑपरेटर सहज म्हणाली की मी पेडल दाबेपर्यंत वायर हलकेच पुढे रेटून धरते, नाहीतर ती थोडी मागे सरकते. हे एसओपीमध्ये कुठेच नव्हतं! वर्षानुवर्षं तिच्या हातात होतं, कोणी विचारलंच नव्हतं. आणि नवीन मुलींचा नेमका हाच प्रॉब्लेम, वायर मागे सरकल्यामुळे टर्मिनलच्या पुढच्या बाजूला तांबं दिसत नाही आणि मधल्या खिडकीत (टर्मिनलच्या दोन दाबांमधल्या मोकळ्या जागेत) नुसतं तांबं, म्हणजे पीस रिजेक्ट. तपासण्याच्या पायरीत पण तसंच, आधी फक्त 'व्हिज्युअल चेक करा' लिहिलेलं होतं, आता लिहिलंय की मधल्या खिडकीत तांबं आणि इन्सुलेशन दोन्ही दिसलं पाहिजे, पुढे तारा किंचित बाहेर पाहिजेत, मागच्या तोंडाला बेलमाउथ, म्हणजे घंटेसारखी किंचित फाकलेली कड, पाहिजे, आणि एकही तार बाजूला सुटलेली नको. बेलमाउथ का, तर धारदार कडेने तारा कापल्या जाऊ नयेत म्हणून. कारण कळलं की मुली आपणहून बघतात, नाहीतर 'बघायला सांगितलंय म्हणून' बघतात आणि शिफ्ट संपत आली की तेही बंद.

लाइनवर फरक कसा दिसतो तर भाषा बदलते. परवा क्रिम्पिंगला परभणीकडची एक नवीन मुलगी आली, पहिलीच नोकरी, घाबरलेली. लाइन लीडर ताईंनी आधी तिला विचारलं, "कुठली गं तू? आधी मशीनवर बसलीयेस कधी?" मग म्हणाल्या "इकडं ये, माझ्या बाजूला उभी राहा, समोर नको." दाखवून झाल्यावर "समजलं का?" हा प्रश्न विचारलाच नाही. "आता तू कर, आणि करताना मला सांग काय काय सांभाळायचं ते." ती मुलगी अडखळत बोलायला लागली, एक पॉइंट राहिला, ताईंनी तिथेच थांबवून परत करून घेतलं. शेवटी "मी त्या दोन नंबरच्या टेबलला आहे, काही अडलं तर मलाच विचार, शेजारणीला नको" असं सांगून गेल्या आणि थोड्या वेळाने स्वतःहून परत आल्या. ही चौथी पायरी, फॉलोअप, आपल्याकडे सगळ्यात जास्त बुडवली जाते. ट्रेनिंगसोबत खिशात ठेवायचं एक छोटं कार्ड देतात, त्यावरचं एक वाक्य आता आमच्याकडे सगळ्यांच्या तोंडी आहे: कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलेलं नाही. मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं, कारण चूक झाली की सगळ्यात खालच्या माणसावर ढकलायची आपल्या कारखान्यांची जी सवय आहे ती याने मोडते.

आता एचआरवाल्यांसाठी थोडं. हे ट्रेनिंग विकत घेणं सोपं आहे, त्याला वेळ मिळवून देणं हेच आपलं खरं काम आहे. प्रॉडक्शन हेडला पाच दिवस रोज दोन तास दहा लाइन लीडर सोडा म्हटलं की तो नाही म्हणणार, आणि त्याच्या जागेवरून त्याचं बरोबरच आहे. आम्ही रिजेक्शन आणि रिवर्कचे त्याचेच आकडे त्याच्यासमोर ठेवले, त्यात नवीन माणसांचा वाटा किती ते दाखवलं, मग गाडी पुढे सरकली. दुसरं म्हणजे शिकवणाऱ्या माणसाचं त्या दिवसाचं टार्गेट कमी करा, नाहीतर पद्धत कितीही चांगली असो, ती ताई घाईच करणार. तिसरं, भिंतीवरचा स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कोणाला कुठलं काम किती येतं त्याचा तक्ता. ते चतकोर-अर्धे-पूर्ण भरलेले गोल ऑडिटच्या आदल्या रात्री रंगवले जातात हे मी अनेक ठिकाणच्या लोकांकडून ऐकलंय. जॉब इन्स्ट्रक्शनमध्ये शिकवलेलं ट्रेनिंग टाइमटेबल दिसायला तसंच असतं, एका बाजूला नावं, एका बाजूला कामं, पण चौकटीत तारीख लिहायची, कोणाला कुठल्या तारखेपर्यंत कुठलं काम आलं पाहिजे ती. तारीख आली की कोणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

मोजायचं कसं हा प्रश्न मॅनेजमेंट विचारतेच. ट्रेनिंगचा परिणाम मोजण्यासाठी किर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या चार पातळ्या एचआर शिकलेल्या सगळ्यांना पाठ असतात, प्रतिक्रिया, शिकणं, वागणं, परिणाम, पण प्रत्यक्षात आपण पहिल्या पातळीवर फीडबॅक फॉर्म भरून थांबतो. इथे तिसरी पातळी तपासणं सोपं आहे, लाइनवर जाऊन उभं राहायचं आणि लीडर शिकवताना चार पायऱ्या करते का ते कार्ड हातात धरून बघायचं. चौथीसाठी नवीन माणसाचं पहिल्या काही आठवड्यांचं रिजेक्शन वेगळं काढायचं.

ॲप्रेंटिसचा मुद्दा पण इथेच येतो. 1961 चा ॲप्रेंटिस कायदा आहे, 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण संख्येच्या 2.5 ते 15 टक्के ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. घेतले जातात पण, आणि दुसऱ्या दिवशी लाइनवर उभे केले जातात. त्या पोरांना शिकायला मिळणं हा त्यांचा हक्क आहे, कागदावरचा सोपस्कार नाही, आणि ज्याच्या हाताखाली ती उभी राहणार त्याला शिकवता येत नसेल तर तो हक्क तिथेच संपतो.

कमतरता पण आहेत. मूळ साहित्य इंग्रजीत आणि जुन्या अमेरिकन वळणाचं, आमच्या ट्रेनरने सगळं मराठी-हिंदीत घेतलं म्हणून निभावलं, नुसतं मॅन्युअल वाचून दाखवणारा आला असता तर पहिल्याच सेशनला माणसं गळाली असती. शीट लिहिताना हात थरथरणारे लीडर असतात, शाळा सुटून खूप वर्षं झालेली असतात, त्यांच्यासोबत कोणीतरी बसून लिहून घ्यावं लागतं. ठरावीक पायऱ्यांच्या कामाला हे उत्तम आहे पण मेंटेनन्समध्ये बिघाड शोधणं, कस्टमरशी बोलणं अशा अंदाजाच्या कामाला तेवढं पुरत नाही. फॉलोअप नाही ठेवला तर महिन्याभरात लोक परत "हिला जरा दाखव गं" वर येतात, आमच्याकडेही दोन लाइनवर आलेच, तिथे परत बसावं लागलं. आणि कंत्राटी मुलं सोडून जातात ते काही याने थांबत नाही, त्याचं कारण पगार आणि कायम न होणं हे आहे, ट्रेनिंगच्या माथी ते मारू नये.

खर्चाचं म्हणाल तर एका नावाजलेल्या स्पीकरच्या एका दिवसाला जेवढं जातं साधारण तेवढ्यातच आमची बॅच झाली. ट्रेनर ठरवताना दोन गोष्टी आधी विचारून घ्या: बॅच दहाच्या वर नेणार का, आणि प्रत्येकाकडून स्वतःच्या कामाचा डेमो करून घेणार का. पहिल्याला "वीस-पंचवीस पण चालतील" आणि दुसऱ्याला "वेळ मिळाला तर" असं उत्तर आलं तर दुसरा ट्रेनर बघा.