जुन्या .३१५ रायफलचं बोल्ट हेड बदललं: साऊथ मुंबईतल्या बंदूक रिपेअरवाल्याचा रिव्ह्यू

काम एक नंबर, बोलणं रुक्ष, वेळेच्या बाबतीत देवाचं नाव घ्यायचं. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी पुढे वाचलं नाही तरी चालेल. पण ज्यांच्या घरी काका-आजोबांची रायफल कपाटात पडून आहे त्यांनी जरूर वाचा.

दुकानाचं नाव टाकत नाहीये कारण मालकच नको म्हणाले, लायसन नसलेली माणसं फोन करून डोकं खातात म्हणे. रायफल आमच्या काकांची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली .३१५, आता वारसाने माझ्या लायसनवर चढलीय. ही बनावट म्हणजे जुन्या मिलिटरी .३०३ ली-एनफिल्डचीच बहीण, ॲक्शन (काडतूस भरायची-झाडायची यंत्रणा) तीच, फक्त .३०३ हा प्रतिबंधित बोअर (नळीचं माप) असल्यामुळे आपल्यासारख्यांना ती मिळत नाही म्हणून वेगळ्या काडतुसावर काढलेली. तीच .३०३ जी २००८ च्या हल्ल्यात सीएसटीवर आपल्या हवालदारांच्या हातात होती. त्यामुळे परदेशात लोक सरप्लस, म्हणजे सैन्याने काढून टाकलेल्या, रायफलींबद्दल जे रडगाणं गातात ते थोड्याफार फरकाने आपल्यालाही लागू पडतं.

प्रॉब्लेम असा की बोल्टच्या, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणाऱ्या दांड्याच्या, तोंडावर, जिथे काडतुसाची बूड टेकते तिथे, फायरिंग पिनच्या (काडतुसावर आपटणारी सुई) भोकाभोवती खड्डे पडले होते. नीट प्रकाशात धरलं तर अर्धवट गोल रिंग दिसायची, उंदराने कुरतडल्यासारखी, आणि झाडलेल्या पुंगळीच्या प्राइमरभोवती (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काळा धूर. हे होतं कसं तर प्राइमर फुटला किंवा कडेने लीक झाला की गरम गॅस बारीक धारेने मागे येतो आणि लोखंड खातो. त्यात जुन्या काळच्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं, बार झाला की त्याचं मीठ मागे उरतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि गंज धरतो. तेल कितीही चोळा, मीठ तेलात विरघळत नाही, त्याला गरम पाणीच लागतं, पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं आणि मग तेल. काका फक्त तेल लावायचे, वर कोकणातला पावसाळा, म्हणजे झालंच कल्याण.

आधी एका वर्कशॉपमध्ये विचारलं होतं (नाव नको), तो म्हणाला टाका इथे, वेल्डिंगने भरून लेथवर साफ मारून देतो, संध्याकाळी घेऊन जा. आता एकतर शस्त्राची दुरुस्ती करायलाही आर्म्स ॲक्टखाली लायसन लागतं आणि त्याच्याकडे शॉप ॲक्टचं तरी होतं की नाही देव जाणे. दुसरं म्हणजे त्या तोंडाचं पोलाद कडक केलेलं असतं, त्याला तशी आंधळी उष्णता दिली की कडकपणा जातो, आणि ही वस्तू आपल्या गालापासून वीतभर अंतरावर असते राव!

या दुकानातले चाचा मात्र वेगळे निघाले. रायफल काउंटरवर ठेवल्यावर आधी चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं आहे का ते स्वतः बोट घालून बघितलं, मग लायसन, मग नंबर जुळवला, तोवर माझ्याशी एक शब्द नाही. मी विचारलं घासून गुळगुळीत करता येईल का तर म्हणाले, "पहले नाप लूंगा, फिर बोलूंगा." इथेच मला माणूस आवडला. कारण घासलं की धातू कमी होतो आणि बूड टेकायची जागा मागे सरकते, म्हणजे हेडस्पेस (बोल्टचं तोंड आणि काडतूस अडतं ती नळीची कड यांतलं अंतर) वाढतो. .३०३ ला हा हिशोब .०६४ ते .०७४ इंच असतो, अख्खी मुभा दहा थाऊची (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), पाव मिलिमीटर फक्त. .३१५ चे गेज (मापाचे ठोकळे) वेगळे, ते त्यांच्याकडे तेलकट फडक्यात गुंडाळलेले होते. गो (किमान मापाच्या) गेजवर बोल्ट लागला, ठीक, नो-गो (कमाल मापाच्या) वर लागायला नको होता तर तोही जवळजवळ पूर्ण खाली गेला. चाचांनी नुसती मान हलवली. घासायचा विषय संपला.

या ॲक्शनची मजा म्हणजे बोल्टचं डोकं वेगळं असतं, आट्यांवर फिरवून बसतं, त्यामुळे पूर्ण बोल्ट फेकायची गरज नाही. ली-एनफिल्डच्या नंबर ४ मॉडेलला तर ० ते ३ असे मापाचे नंबर मारलेले असायचे, आमच्या जुन्या पद्धतीला तेही नाही, डब्यातून एकेक काढून लावून बघायचं. चाचांनी तेच केलं. एक हेड फार सैल, एक बसलं पण शेवटी फिरून बोल्टच्या रेषेच्या पुढे गेलं, ते बाजूला टाकलं. जे बसलं ते घेऊन लगवर (बोल्ट अडकवून धरणारे दोन उंचवटे) निळी शाई लावली, बोल्ट बंद करून उघडला आणि दोन्ही लगवर शाई सारखी पुसली गेलीय का ते मला चष्मा उतरवून दाखवलं. एकाच बाजूला टेकत असेल तर सगळा दणका तिकडेच बसतो. मग पिन किती बाहेर येते ते मापलं, कारण जास्त आली तर प्राइमरच फाडणार आणि पुन्हा तीच रडकथा.

आता तक्रारी. "परवा या" म्हणजे त्यांच्याकडे कुठलाही परवा असू शकतो. फोन उचलत नाहीत. मजुरी आणि पार्ट वेगळे लिहून मागितले तर शेठ असे बघतात की आपण त्यांची किडनी मागितली, मी हट्टाने बिल घेतलं, तुम्हीही घ्या, त्यावर रायफलचा नंबर लिहून घ्या. पैसे पाच हजाराच्या आत गेले, मला तरी महाग वाटलं नाही. पार्किंगचं नाव काढू नका, आणि लोकलने शस्त्र न्यायची माझी हिंमत नाही, टॅक्सी केली, रायफल बंद केसमध्ये, बोल्ट काढून वेगळा.

गावी बार काढून बघितले, पुंगळ्यांची बूड स्वच्छ, काळं काही नाही, बोल्ट पूर्वीपेक्षा किंचित घट्ट लागतो. साडेचार स्टार, अर्धा त्या फोनमुळे कापला. जाताना मूळ लायसन न्या, झेरॉक्सवर ते रायफलला हातही लावत नाहीत, आणि लायसनवर एरिया काय लिहिलाय ते घरीच वाचून निघा. फक्त जिल्ह्यापुरतं असेल तर मुंबईत आणण्याआधी परवानगीचं बघावं लागेल.