सोलर पंपाचं ‘लॉक खोलून’ देणाऱ्यापासून सांभाळा

वरुड-मोर्शीकडे सध्या एक जण लॅपटॉप अन् वायर घेऊन गावोगाव फिरतो आणि सोलर पंपाचं ‘कंपनीचं लॉक’ खोलून देतो. आमच्या वावरातला पाच एचपीचा पंप त्याच्यापायी जळाला. बाकीच्यांचा वाचावा म्हणून लिहितो.

बोलायला गडी पक्का. “भाऊ, पंप तुमचा, पॅनेल तुमचं, ऊन तं देवाचं. मंग कंपनीनं पन्नास हर्ट्झवर काहून बांधून ठेवला?” आता याला काय उत्तर देणार? योजनेत अनुदान मिळालं असलं तरी आपला १० टक्के हिस्सा भरून घेतलेली वस्तू आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराला एप्रिल-मेमध्ये पाणी पुरत नाही आणि पावसाळ्यात तेच पॅनेल नुसतं बसून असतं. त्यावर आटाचक्की किंवा कडबा कुट्टी चालवतो म्हटलं तर कंट्रोलर, म्हणजे पंप चालवणारा डबा, चालू देत नाही. केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेत यूएसपीसी (युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलर) नावाच्या कंट्रोलरची सोय आहे, त्यावर ही कामं होतात. पण आम्हाला बसवून दिला तो साधा. हे कुलूप मलाही खुपतं, आणि तो माणूस बरोबर याच दुखण्यावर बोट ठेवतो.

त्यानं कीपॅडवर पासवर्ड टाकला आणि फ्रिक्वेन्सी, म्हणजे मोटरचा वेग ठरवणारा आकडा, ५० वरून ५५ हर्ट्झ केली. धार खरंच जाड झाली. पाच हजार रोख घेतले, पावती नाही.

त्यानं न सांगितलेली गोष्ट अशी. पंपाचा वेग दहा टक्के वाढला की पाणी साधारण दहाच टक्के वाढतं, पण मोटरवरचा भार जवळपास एक तृतीयांशानं वाढतो. एवढ्या भारावर कंट्रोलर ट्रिप होणारच. तो होऊ नये म्हणून त्यानं करंटची मर्यादा वर सरकवली. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ड्राय रनचं, म्हणजे पाण्याविना पंप चालण्यापासूनचं, संरक्षणच बंद केलं. बोअरचं पाणी खाली गेलं की मोटरचा करंट एकदम पडतो, कंट्रोलर ते ओळखून पंप थांबवतो. सबमर्सिबल मोटर थंड राहते ती भोवतीच्या पाण्यानंच. वरुड तालुक्यात भूजलाचा उपसा किती झाला आहे हे इथल्या कास्तकाराला वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात बोअर दुपारून उसासे टाकतात. आमचाही टाकत होता, आणि पंप मात्र थांबायचं नावच घेईना. चेनपुलीनं वर काढला तेव्हा वाइंडिंग काळं ठिक्कर पडलं होतं. ऐन उन्हात पाणी तुटलं, झाडाखाली फळांचा सडा पडला तो वेगळाच.

पाच वर्षांची हमी होती, पण कंपनीच्या माणसानं कंट्रोलरमधल्या बदललेल्या सेटिंग दाखवल्या आणि हात वर केले. त्या एका बाबतीत मी कंपनीला दोष देत नाही. मोटर वाचवणारं कुलूप वेगळं आणि धंदा वाचवणारं वेगळं. पहिलं तोडू नये. दुसरं तोडायचा हक्क घेणाऱ्याला असावा, असं माझं ठाम मत आहे. केंद्रानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली तेव्हा त्यात शेतीची अवजारंही धरली होती. पण कंट्रोलरमधली कोणती सेटिंग कशासाठी आहे, हे सांगणारा मराठी कागद आमच्या हाती आजवर कोणी दिलेला नाही. असल्या भामट्यांचं फावतं ते त्यामुळेच.

आणि हे ऐका. जुन्या सेटिंग परत टाकायला गेलो तर कंट्रोलर उघडेना. जाता जाता त्यानं पासवर्डच बदलून ठेवला होता. फोन केला तर खोलायचे आणखी दोन हजार म्हणाला. त्यानंतर नंबर बंद. पोलीस ठाण्यात अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर बोललो, पण पावती नाही, दुकान नाही, खरं नाव माहीत नाही; तक्रार टाकायची कोणाच्या नावानं?

तुमच्याकडे आला तर हात लावू देण्याआधी कीपॅडच्या प्रत्येक पानाचा फोटो काढतो म्हणा, आणि नवा पासवर्ड कागदावर सहीनिशी मागा. शेजारच्या गावात एका म्हाताऱ्यानं एवढंच म्हटलं, तर हा बहाद्दर समोर आलेला चहा तसाच ठेवून गाडीला किक मारून निघाला.