वेबसाइटचं ऑडिट: फुकट साधनं, विकतची साधनं की तज्ज्ञ माणूस?

हापूसचा खरा बाजार मार्च ते मे. त्या तीन महिन्यांत 'देवगड हापूस घरपोच' असं शोधणाऱ्याला तुमची साइट दिसली नाही, तर जुलैत ती पहिल्या पानावर येऊन काय करायचं? देवगड-रत्नागिरीकडे स्वतःच्या साइटवरून थेट आंबा विकणारे बागायतदार आता बरेच आहेत. हंगाम आटोपून पाऊस लागला की एसईओ ऑडिटचा, म्हणजे साइट गूगलच्या शोधात नीट का दिसत नाही याच्या तपासणीचा, विषय निघतोच. मेलबॉक्सात 'तुमच्या साइटमध्ये गंभीर चुका आढळल्या आहेत' अशी पत्रं तर बाराही महिने येत असतात.

हा आढावा अशा साइटमालकांसाठी आहे: वर्डप्रेसवर उभी असलेली, शंभर ते पाचशे पानांची, थोडी मराठी थोडी इंग्रजी साइट. होमस्टेवाले, क्लासवाले, पुस्तकविक्रेते यांनाही यातलं बरंच लागू पडेल. बातम्यांचं पोर्टल किंवा हजारो वस्तूंचं दुकान असेल तर गणित वेगळं, ते इथे नाही.

| पर्याय | खर्च | जमेची बाजू | उणी बाजू |
|---|---|---|---|
| गूगल सर्च कन्सोल | फुकट | गूगलकडची खरी नोंद | पानाच्या आतले बारकावे दिसत नाहीत |
| स्क्रीमिंग फ्रॉग | ५०० वेबपत्त्यांपर्यंत फुकट, पुढे वर्षाला २०० पौंडांच्या आसपास | प्रत्येक पानाची झडती | गूगलचं मत कळत नाही |
| सेमरश, एचरेफ्स | महिना सव्वाशे ते दीडशे डॉलर | स्पर्धक, बाहेरून येणाऱ्या लिंका | मराठी शोधांबाबत कच्चे |
| तज्ज्ञ माणूस | काही हजारांपासून काही लाखांपर्यंत | काय आधी करायचं ते ठरवतो | माणसागणिक दर्जा बदलतो |

सर्च कन्सोल: सुरुवात इथूनच

बाकीची साधनं गूगल काय करत असेल याचा अंदाज बांधतात. हे साइटमालकांसाठीचं गूगलचंच साधन, म्हणून इथे गूगल स्वतः सांगतं. कुठलं पान इंडेक्समध्ये (गूगलच्या नोंदवहीत) आहे, कुठलं नाही आणि नसेल तर का, हे त्याच्या इंडेक्सिंगच्या अहवालात दिसतं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये सर्च इंजिनांना मनाई करणारी खूण साइट बनवताना लावलेली असते आणि नंतर काढायची राहून जाते. हा जुना रोग पहिल्या पाच मिनिटांत तिथे पकडला जातो. ४०४ (पान सापडत नाही), रीडायरेक्ट (एका पत्त्यावरून दुसऱ्यावर वळवणं), दुसऱ्या पानाची नक्कल, सगळं वेगवेगळं मांडलेलं असतं.

त्यातला एक शेरा मात्र नीट वाचावा: पान क्रॉल झालं (गूगलच्या यंत्राने वाचलं), पण सध्या इंडेक्समध्ये नाही. यात बहुतेक वेळा तांत्रिक दोष सापडत नाही. गूगलने पान पाहिलं आणि ते ठेवून घ्यावंसं त्याला वाटलं नाही. अशी पानं तीस-चाळीस असतील तर कुठलंही साधन विकत घेऊन उपयोग नाही, मजकुराकडेच बघावं लागेल.

दुसरा अहवाल परफॉर्मन्सचा. लोकांनी काय शोधलं तेव्हा तुम्ही दिसलात, कितव्या जागी दिसलात, किती जणांनी क्लिक केलं. ही माहिती १६ महिने मागची मिळते, आणि आंब्याच्या धंद्यात हा १६ चा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जूनअखेर बघितलं तर यंदाचा आणि गेल्या वर्षीचा असे दोन्ही हंगाम पूर्ण दिसतात. सप्टेंबरअखेर बघाल तर गेल्या वर्षीचे मार्च-एप्रिल गळून गेलेले असतात आणि तुलनेला काही उरत नाही. म्हणून ऑडिट कधीही करा, हा अहवाल जूनमध्ये उतरवून ठेवा. स्क्रीनवरून उतरवताना एका तक्त्यात हजारच ओळी मिळतात, छोट्या साइटला तेवढ्या पुरतात. मोजक्याच लोकांनी केलेले शोध गूगल गोपनीयतेसाठी लपवतं, त्यामुळे शोधनिहाय क्लिकांची बेरीज एकूण आकड्याशी जुळत नाही. तिथे डोकं लावत बसू नये.

साइट कन्सोलला जोडल्यापासूनच ही माहिती साठायला लागते. ऑडिटचा निर्णय पुढच्या वर्षी घेणार असाल तरी जोडणी आजच करा.

स्क्रीमिंग फ्रॉग: घरातली झडती

इंग्लंडमधल्या या कंपनीचा 'एसईओ स्पायडर' संगणकावर उतरवायचा आणि साइटचा पत्ता द्यायचा. तो एका लिंकवरून दुसरीवर जात सगळी साइट फिरून येतो आणि तुटक्या लिंका, दोनदा वापरलेली टायटलं (गूगलमध्ये दिसणारी पानांची शीर्षकं), रिकामी वर्णनं (त्यांच्याखालच्या ओळी), जडशीळ चित्रं यांचा तक्ता समोर ठेवतो. फुकट आवृत्तीच्या ५०० पत्त्यांमध्ये चित्रं आणि इतर फायलीही मोजल्या जातात, तेव्हा दोनशे पानांची साइटही ही मर्यादा गाठू शकते. शिवाय फुकट आवृत्तीत केलेली तपासणी जतन करता येत नाही. काम झालं की तक्ते लगेच एक्सपोर्ट करून ठेवा.

आंब्याच्या साइटवर याचा फायदा कुठे होतो ते सांगतो. दर वर्षी नवं पान काढायची पद्धत असते: 'हापूस दर २०२३', 'हापूस दर २०२४', 'हापूस दर २०२५'. हंगाम संपला की कुणीतरी जुनं पान उडवतं. मग होमपेजवरची, फूटरमधली आणि कुठल्यातरी जुन्या लेखातली लिंक ४०४ वर जाऊन आपटते. कन्सोल सांगतं की पान सापडत नाही. त्या पानाकडे साइटमधून कुठून कुठून बोटं दाखवली जाताहेत, याची पूर्ण यादी स्पायडर देतो. दर वर्षी पान बदलण्याऐवजी एकच कायमचं पान ठेवून त्यातला दर बदलावा, म्हणजे बाहेरून मिळालेल्या लिंका वाया जात नाहीत. हा सल्ला मात्र दोन्ही साधनं देणार नाहीत.

स्पायडर लिंकांवरून चालतो, म्हणून ज्या पानाकडे एकही लिंक जात नाही ते त्याला सापडतच नाही. गूगलला ते साइटमॅपमधून (साइटने दिलेल्या पानांच्या यादीतून) ठाऊक असू शकतं. कन्सोलची यादी आणि स्पायडरची यादी शेजारी ठेवा. एकीत असलेलं आणि दुसरीत नसलेलं प्रत्येक पान तपासण्यालायक असतं. छोट्या साइटच्या ऑडिटमध्ये हीच कसरत सर्वांत जास्त देऊन जाते, असं माझं मत आहे.

संगणक जुना असेल तर एचरेफ्सचं फुकट 'वेबमास्टर टूल्स' घ्या. साइट तुमची आहे हे सिद्ध करावं लागतं, ते कन्सोलमार्फत चटकन होतं. ते त्यांच्या सर्व्हरवरून महिन्याला एका साइटची ५,००० पानं तपासतं आणि तुम्हाला बाहेरून कोणी लिंक दिली आहे हेही दाखवतं. एकदाच कसून तपासायचं तर स्पायडर, दर महिन्याला लक्ष ठेवायचं तर हे.

गुणांचं काय?

सगळ्यांना गुणच हवे असतात, म्हणून साधनं गुण देतात. एचरेफ्सचा 'हेल्थ स्कोर' म्हणजे चुका नसलेल्या पत्त्यांचं प्रमाण. मुखपृष्ठावरची चूक आणि सहा वर्षांपूर्वीच्या टॅगपानावरची चूक त्याच्या लेखी सारखीच. क्रोममधल्या लाइटहाउस या तपासणीच्या साधनाच्या एसईओ विभागात १०० पडले तर त्याचा अर्थ मोजक्या प्राथमिक गोष्टी जागेवर आहेत, एवढाच.

वेगाचं थोडं निराळं आहे. तिथले निकष गूगलने स्वतः ठरवलेत: मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, स्पर्शाला २०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा (हा निकष मार्च २०२४ मध्ये आला), पान उड्या मारू नये. गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्स या वेग मोजणाऱ्या साधनात वर खऱ्या वाचकांच्या २८ दिवसांच्या नोंदी असतात, खाली प्रयोगशाळेतला गुण. छोट्या साइटला पुरेसे वाचक नसल्याने वरचा भाग बहुधा रिकामा असतो आणि लोक खालच्या गुणावर जीव टाकतात. तो दर तपासणीला बदलतो. साधा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि स्वतःच्या साइटवर एक पेटी मागवून बघा.

महिन्याची वर्गणी

सेमरश आणि एचरेफ्सच्या पैसे भरून मिळणाऱ्या आवृत्त्या उत्तम आहेत, पण ज्यांचा तो रोजचा धंदा आहे त्यांच्यासाठी. महिना ११-१२ हजार रुपये आणि वर जीएसटी. बदल्यात स्पर्धकांची पानं, त्यांना मिळालेल्या लिंका आणि शोधशब्दांचे आकडे मिळतात. अडचण अशी की हे आकडे देशनिहाय आणि अंदाजाचे असतात. मराठी शोधांपुढे शून्य दिसतं आणि त्याच शब्दांवर तुमच्या कन्सोलमध्ये भरपूर इंप्रेशन (शोधात दिसल्याच्या नोंदी) असतात, असं सर्रास होतं. सेमरशमधल्या 'विषारी लिंका' (त्याला संशयास्पद वाटणाऱ्या, बाहेरून आलेल्या लिंका) बघून घाबरू नका. लिंका नाकारण्याचं साधन बहुतेक साइटांना लागत नाही, असं गूगलच सांगतं. एका साइटसाठी ही वर्गणी घेऊ नये.

मराठी मजकूर आणि यंत्राचे डोळे

ही साधनं इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत, आणि त्यांच्या इशाऱ्यांवर आंधळेपणाने काम करणारा मराठी साइटचं नुकसान करू शकतो.

टायटलची लांबी घ्या. 'रत्नागिरी' डोळ्यांना चार अक्षरं, संगणकाला नऊ, कारण काना, वेलांटी, पाय मोडल्याची खूण सगळं सुटं मोजलं जातं. त्यामुळे साठ अक्षरांच्या मर्यादेवर बेतलेला 'टायटल फार लांब' हा इशारा मराठी पानांवर ढिगाने येतो. स्पायडर पिक्सेलमध्येही रुंदी दाखवतो, ती बघावी. तसंच 'मजकूर कमी' या इशाऱ्याचं. इंग्रजीत चार-पाच शब्द लागतील तिथे मराठीत 'बागेतल्यांसाठी' हा एक शब्द पुरतो, म्हणून शब्दसंख्या कमीच भरणार.

याउलट काही खऱ्या चुकांबद्दल साधनं गप्प बसतात. वर्डप्रेस पानाचा पत्ता २०० बाइटांवर कापतं, आणि पत्त्यात गेल्यावर देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ जागा खातं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. 'अस्सल देवगड हापूस आंबा घरपोच मिळेल' या शीर्षकाचा पत्ता 'अस्सल-देवगड-हापूस-आंबा-घर' एवढाच उरतो. क्रमवारीला त्याने मोठा धक्का बसत नाही, पण पत्ता हास्यास्पद होतो. नवीन पानांना छोटा पत्ता हाताने द्या, जुने उगाच बदलू नका.

'कैऱ्या' हा शब्द कीबोर्डगणिक दोन प्रकारे टंकला जातो. दिसायला सारखाच, आत वेगळा. स्पायडरच्या तक्त्यात किंवा एक्सेलमध्ये शोधताना अर्धी पानं त्यामुळे निसटतात. जुन्या साइटवर श्रीलिपी किंवा तत्सम बिगर-युनिकोड (रोमन अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा चढवणाऱ्या) फॉन्टातली पानं असतील तर गूगलच्या लेखी ती रोमन अक्षरांची खिचडी आहे, आणि ऑडिटमधलं पहिलं काम तेच. दरपत्रक व्हॉट्सॲपच्या पोस्टरसारखं चित्रात बनवून टाकलेलं असलं तर साधन म्हणेल 'ऑल्ट मजकूर (चित्राचं लिखित वर्णन) नाही'. अख्खा दर चित्रात अडकलाय, हे माणसालाच दिसतं.

पानाच्या कोडमध्ये भाषा इंग्रजी लिहिली आहे, अशी तक्रारही येते. गूगल पानाची भाषा दिसणाऱ्या मजकुरावरून ओळखतं, त्या खुणेवरून ओळखत नाही. अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरसाठी ती दुरुस्त जरूर करा, पण यादीत तिला पहिली जागा नको.

माणूस केव्हा?

साइट नव्या डोमेनवर हलवायची असेल, वाचक अचानक अर्ध्यावर आले असतील, किंवा कन्सोलमध्ये गूगलच्या माणसांनी केलेल्या कारवाईची सूचना दिसत असेल, तर पैसे खर्चून जाणकार गाठा. इतर वेळी वरची दोन फुकट साधनं आणि एक मोकळा शनिवार-रविवार पुरतो.

निवडताना कामाचा नमुना मागा. साधनातून जशीच्या तशी काढलेली ऐंशी पानांची पीडीएफ हाती पडणार असेल, तर ती तुम्हीही काढू शकता. 'यातल्या कुठल्या तीन गोष्टी आधी करायच्या, कोणी करायच्या आणि त्याने काय बदलेल?' एवढंच विचारा. पहिल्या क्रमांकाची हमी कोणी देऊ शकत नाही, असं गूगलच्या मार्गदर्शनातच लिहिलं आहे. हमी देणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा. कन्सोलमध्ये त्याला मर्यादित परवानगी द्या, मालकी देऊ नका. डोमेन तुमच्या नावावर आहे का, हे त्याला बोलावण्याआधीच बघा.

सुधारणांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागतं, असं तेच मार्गदर्शन सांगतं. आंबेवाल्यांसाठी याचा हिशेब सरळ आहे. जूनमध्ये अहवाल उतरवा, जुलैत तपासणी, दिवाळीपर्यंत दुरुस्त्या. नव्या वर्षात फक्त मजकूर आणि दर बदला. फेब्रुवारीत कोणी 'थीम बदलू, पत्ते नीट करून घेऊ' म्हणालं, तर त्याला जूनची तारीख द्या.